फौजदाराची गाठ

सिद्धू पहिल्यांदा माले गावच्या गुरांच्या दवाखान्यात गेला, तेव्हा त्यानं दारातूनच विचारलं, "फौजदाराची गाठ दावायची हाय. आत आणू का?"

कंपाउंडर जयसिंग बाटल्या धूत बसला होता. वर न बघताच तो म्हणाला, "फौजदाराची गाठ घ्यायची आसंल तर पौडाला जा. हितं गुरांचा दवाखाना हाय."

"घ्यायची न्हाई वो, दावायची हाय. फौजदाराला म्या संगंच आणलाय. भाईर जांभळीला बांधलाय."

जयसिंगच्या हातातली बाटली पडता पडता राहिली. बाहेर येऊन बघतो तर जांभळीच्या बुंध्याला एक धिप्पाड तांबूस कुत्रा बांधलेला, आणि त्याच्या शेजारी त्याच्याइतक्याच संशयी नजरेनं बघत बसलेली सिद्धूची बायको, तुकाबाई. कुत्र्याचं नाव तिनंच ठेवलं होतं. त्यांच्या धनगरवाड्यावर येणाऱ्या प्रत्येकाची कसून चौकशी केल्याशिवाय तो कुणाला पाऊल टाकू देत नसे, मग दुसरं नाव तरी काय ठेवणार? त्याच्या डाव्या कुशीत, बरगडीच्या खाली, कवठाएवढी गाठ आली होती आणि ती दर महिन्याला वाढत होती.

ही साठ-एकसष्टच्या थंडीतली गोष्ट. मालेच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर धनगरांची पाच घरं होती. त्यातलं शेवटचं सिद्धूचं. घर सिद्धूचं म्हणायचं, पण हुकूम तुकाबाईचा. पन्नाशीची बाई, अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. शाळेची पायरी तिनं कधी चढली नव्हती, पण मोजणीत तिचा हात धरील असं माणूस त्या डोंगरात नव्हतं. संध्याकाळी मेंढरं वाडग्यात शिरायला लागली की ती तोंडाशी उभी राहायची. वीस आत गेली की पदराला एक गाठ. शेवटी गाठी मोजायच्या आणि वरची सुटी त्यात मिळवायची. चौदा विसा आणि सात झाली म्हणजे सगळी घरी आली. गाठी मारून मारून तिच्या लुगड्याचा पदर आधी विरायचा, बाकीचं लुगडं मग. एकदा कासारसाईकडून कळप परत आणताना तिनं एक कोकरू कमी आहे म्हणून सगळ्यांना भर उन्हात थांबवलं. सगळे म्हणाले, बाई चुकली. बाई कोसभर मागे गेली आणि बोराटीत अडकलेलं कोकरू काखेत मारून परत आली. त्यानंतर तिच्या आकड्याला कुणी हरकत घेतली नाही.

आणखी एक सवय तिला होती. भीती वाटली की ती मोजायला लागायची. थोरल्या लेकीच्या बाळंतपणात तिनं छपराचे वासे इतक्या वेळा मोजले की सुईण वैतागून म्हणाली, "घर इकायला काढलंय का, बाई?"

तर मालेला नुकताच सुरू झालेला तो दोन खोल्यांचा दवाखाना, आणि त्यातले डॉक्टर कानिटकर. वय सव्वीस-सत्तावीस, पुण्याचे, गोरेपान, बोलायला गोड. आल्यापासून त्यांनी बैलांना टोचलं होतं, गाईंची वार काढली होती, पण टेबलावर झोपवून सुरी धरायची संधी आली नव्हती. फौजदाराची गाठ चाचपताना त्यांचे डोळे चमकले. "मावशी, ही कापून काढायला हवी. आठवड्यात पळायला लागेल बघा."

"मरायचा न्हाई न्हवं?" तुकाबाईनं सरळ विचारलं.

"छे, छे!"

दोन दिवसांनी फौजदाराला टेबलावर घेतलं. तोंडाला पट्टी बांधली, भूल दिली. तुकाबाईला बाहेर बसायला सांगितलं, तर भूल चढेपर्यंत फौजदारानं नखांनी जयसिंगची बाही फाडली. तेव्हा मुकाट्यानं तिला आत घेतलं. ती कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन स्टुलावर बसली आणि सुरी चालली.

रक्त अंदाजापेक्षा जास्त आलं. डॉक्टर जाळीच्या कापडाचे बोळे करून जखमेत दाबत होते, भिजलेले काढून पाटीत टाकत होते, पुन्हा नवे दाबत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला. तो बघून तुकाबाई मोजायला लागली. बोळा आत गेला की एका हातानं आणि दातानं पदराला एक गाठ. बोळा बाहेर आला की एक गाठ सोडायची. घरातले वासे मोजण्यापेक्षा हे बरं होतं. डॉक्टरांनी गाठ काढली, बाटलीत टाकली, भराभरा टाके घातले आणि "झालं!" म्हणून मोठा श्वास सोडला.

तुकाबाईनं पदर चाचपला. एक गाठ शिल्लक होती.

"डाक्टर," ती म्हणाली, "एक गाठ राहिली की वो."

डॉक्टर हसले. "मावशी, मुळासकट काढली. ही बघा." त्यांनी बाटली तिच्या डोळ्यांपुढे धरली. आत ती कवठाएवढी गाठ तरंगत होती.

"ती न्हाई..."

"अगं मावशे, बाटलीत दिसतीया की डोळ्यांनी!" जयसिंग म्हणाला. बाहेर एक म्हैस रेकत होती, डॉक्टर हात धुवायला गेले होते, आणि फौजदारानं तेवढ्यात डोळा किलकिला केला. तुकाबाईला वाटलं, दातानं गाठी सोडताना आपलीच काही गफलत झाली असेल. बाई गप्प बसली. उभ्या जन्मात तिनं जिथं गप्प बसायला नको होतं असा हा एकच प्रसंग, असं पुढं सिद्धू सगळ्यांना सांगायचा.

गाठ मात्र तिनं सोडली नाही. मेंढरांसाठी पदराचं दुसरं टोक वापरलं. लुगडं धुतलं तेव्हाही ती तशीच ठेवली, आणि भिजून ती घट्ट झाली.

पहिले तीन दिवस फौजदार बरा होता. चौथ्या दिवशी त्यानं दूध-भाकरीकडं पाठ फिरवली. पाचव्या दिवशी कूस फुगली, अंग तापलं, टाक्यांतून घाण वास येऊ लागला. सहाव्या दिवशी परका माणूस दारात आला तरी फौजदार उठला नाही. तेव्हा मात्र तुकाबाई हातातलं काम टाकून त्याच्याजवळ बसली. हा कुत्रा तिला बोटाएवढा असताना वाटेत सापडला होता. आपल्या हातानं बकरीचं दूध पाजून तिनं त्याला वाढवला होता. पोरी नांदायला गेल्यावर दिवसभर तिचं बोलणं ऐकून घेणारं घरात तेच एक होतं. सिद्धू ऐकायचा, पण मेंढरांमागं हाकेच्या पलीकडं गेल्यावर.

सल्ले द्यायला अख्खी वस्ती जमली. शेजारचा बाजी म्हणाला, विळा तापवून डाग द्या. कुणी म्हणालं, अंगारा आणा. खालच्या वावरातले हैबतराव पाटीलही वर आले होते. गावातलं वजनदार माणूस, चार बुकं शिकलेलं. त्यांनी बसल्या जागी डॉक्टरविरुद्ध अर्जाचा मजकूर जुळवायला घेतला. "साहेबाला कळू दे. ह्याची बदलीच करून टाकतो. पोरसवदा माणसं पाठवत्यात आमच्या जनावरांवर हात बसवायला!"

"पाटील, तुमचा अर्ज पोचस्तवर माजं कुत्रं जाईल," तुकाबाई म्हणाली. "बदली झाल्याव ह्येच्या कुशीत हात कोन घालनार? तुमचा सायब? ज्यानं शिवलं त्योच उसवंल. उचला."

घोंगड्याची झोळी केली, बांबू घातला आणि सिद्धू नि बाजी फौजदाराला घेऊन डोंगर उतरले. तुकाबाई पुढं, मागं हैबतराव, आणि त्यांच्या मागं ज्यांना काही काम नव्हतं ते सगळे.

दवाखान्यात बाजारासारखी गर्दी होती. डॉक्टरांनी फौजदाराला बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. तरी ते उसनं अवसान आणून म्हणाले, "पाणी झालंय जखमेत. इंजेक्शन देतो, भुकटी देतो. उतरेल."

"डाक्टर, गाठ राहिलीया."

"मावशी, पुन्हा तेच? गाठ मी काढली! जयसिंग, ती बाटली आण रे."

बाटली आली. लोकांनी ती हातोहात फिरवून बघितली. बैलवाल्या एका म्हाताऱ्यानं तर आत चिंचोका असल्यासारखी हलवून बघितली. "काढलीया की," लोक म्हणाले. "बाई उगंच डाक्टराला छळतीया."

तुकाबाईनं कुणाकडं बघितलं नाही. तिनं पदराचं टोक डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं.

"ती न्हाई. ही गाठ. तुमी आत घातलेल्या दर बोळ्याला म्या एक मारली, भाईर काढलेल्या दर बोळ्याला एक सोडली. नऊ आत गेलं. आठ भाईर आलं. ही नववी हाय. मागल्या टायमाला सांगाया लागले तर तुमी बाटली दावलीत."

डॉक्टरांनी जयसिंगकडं बघितलं. जयसिंग जमिनीकडं बघू लागला. "सायेब, बोळं म्या तसंच चुलीत टाकलं. मोजलं न्हाईत."

आता हे लक्षात घ्या, डॉक्टरांना सुटायला चार वाटा होत्या. अडाणी बाईच्या पदरावर विश्वास ठेवायला कुठला कायदा सांगत होता? चार माणसांदेखत हसून ती गोष्ट उडवून लावता आली असती. सरकारी माणूस, गळ्यात नळी. लोकांनी त्यांचंच ऐकलं असतं.

"कॉलेजात शिकवलं होतं मोजायला," डॉक्टर हळूच म्हणाले. "मी मोजले नाहीत." मग त्यांनी बाह्या वर केल्या. "जयसिंग, पाणी उकळ. टेबल धू."

या खेपेला खिडकीत सात डोकी आणि दारात अकरा. टाके उसवले, आणि जो वास सुटला त्यानं खिडकीतली चार डोकी कमी झाली. डॉक्टरांनी चिमटा आत घातला, हळूहळू फिरवला, ओढला. पहिल्यांदा नुसता पू आला. दुसऱ्यांदाही तेच. तुकाबाईनं डोळे मिटले. तिसऱ्यांदा चिमट्याला काहीतरी चिकटून आलं, काळपट हिरवं, मुठीत मावेल एवढं. डॉक्टरांनी ते पाण्यात धरलं, आणि जाळीची वीण दिसली.

"नऊ," डॉक्टर म्हणाले.

तुकाबाई पदराची गाठ सोडायला लागली, पण ती इतकी आवळली होती की सुटेना. शेवटी तिनं ती दातानं सोडली, आणि खिडकीतून हैबतराव मोठ्यानं म्हणाले, "आता ह्यो अर्ज कुनाविरुद्द लिवायचा?" लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी होती. मावशी त्या दिवशी सांगत होत्या, मी ऐकलं नाही."

असं म्हणणारा सरकारी माणूस मालेच्या लोकांनी तोवर बघितला नव्हता. मग सगळे आपापल्या बैलाकडं वळले.

जखम लगेच शिवता येत नव्हती. उघडी ठेवून रोज धुवायची, आतून लाल स्वच्छ झाली की मगच पुन्हा टाके. फौजदाराला दवाखान्याच्या पडवीत ठेवलं आणि तुकाबाईनं तिथंच घोंगडं टाकलं. डॉक्टर दिवसातून तीनदा जखम धुवायचे. त्यांच्या जेवणातलं दूध फौजदाराच्या ताटलीत जाऊ लागलं. घरी मेंढरं मोजायचं काम सिद्धूवर आलं. एका सांजेला तेरा विसा भरली, दुसऱ्या सांजेला पंधरा. तिसऱ्या दिवशी तो खाली निरोप घेऊन आला, "वाडगं भरलेलं दिसतंय. तेवडं बास हाय का?" तुकाबाईनं त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पाचव्या दिवशी ताप उतरला. जखम डाळिंबासारखी लाल झाली. आता शिवायला हवी होती. डॉक्टर जखमेजवळ उकिडवे बसले. मग म्हणाले, "मावशी, याला पुण्याला न्या. मोठ्या दवाखान्यात माझे गुरुजी आहेत, मी चिठ्ठी देतो."

"का वो? तुमच्याकडं सुई न्हाई?"

"सुई आहे." त्यांनी हात पुढं केला. बोटं बारीक थरथरत होती. "पाच दिवस झाले, सुरी हातात घेतली की असं होतंय. पुन्हा काही राहिलं, चुकलं, तर? माझ्या हातून नको."

तुकाबाईनं फौजदाराकडं बघितलं. तो आत्ता कुठं पाय टेकायला लागला होता. एसटीत त्याला कुणी घेतलं नसतं, आणि मालट्रकात त्या रस्त्यानं हादरे खात पुण्याला पोचेपर्यंत ती उघडी जखम कशी टिकली असती? कुत्रा या पोराच्या थरथरत्या बोटांवर अवलंबून होता, आणि पोरगं तर बोटं खिशात घालायला निघालं होतं. तिला राग आला. मग त्याचं तोंड बघून राग गेला.

"बसा हितं," ती म्हणाली. डॉक्टर बसले.

"म्या नवी नवरी हुते. चौदा वरसाची. एक मेंढी अडली. सासू म्हनाली, तुजा हात बारका हाय, तू घाल. म्या घातला, आन भ्यायले, आन जोरात वडलं. मेंढी बी गेली, कोकरू बी गेलं. कुनी एक शबूद बोललं न्हाई मला. त्येच लई लागलं. चार दिसांनी दुसरी अडली. म्या जाऊन दाण्याच्या कनगीमागं लपले. सासूनं, रंभाबाईनं, मला मनगटाला धरून वडत आनलं. म्या म्हनले, आत्याबाई, माज्या हातानं मारलं, मला नगा लावू. तर म्हातारी काय म्हनाली ठावं हाय? म्हनाली, तुज्या हाताला आता ठावं झालंय का कुटं चुकतंय. दुसऱ्या कुनाच्या हाताला त्ये ठावं न्हाई. घाल."

"मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग काय, कोकरू निघालं. आजून त्येच्या वंशाची बारा हायेत वाडग्यात." तिनं फौजदाराचं डोकं मांडीवर ओढलं. "पुन्याच्या गुरुजीला काय म्हाईत बोळा कुटं राहतो त्ये? तुमाला म्हाईत हाय. शिवा."

कोपऱ्यात जयसिंग उगाच बाटल्या इकडच्या तिकडं करत होता. मग डॉक्टर उठले, आत गेले, आणि आतून साबण चोळल्याचा आवाज येऊ लागला. तो बराच वेळ येत होता. बाहेर आले तेव्हा बोटं अजून थरथरत होती. पहिला टाका वाकडा पडला, तो त्यांनी उसवून पुन्हा घातला. दुसरा बरा पडला. सातव्या टाक्यापर्यंत हात ठिकाणावर आला होता, आणि अकराव्याला दोरा कापताना ते जयसिंगवर सुई नीट न पुसल्याबद्दल खेकसले. ते ऐकून तुकाबाईला बरं वाटलं.

दहा दिवसांनी टाके काढले. झोळी घेऊन सिद्धू आणि बाजी आले होते, पण फौजदार झोळीकडं बघायला तयार नव्हता. तो आपल्या पायांनी रस्त्याला लागला. डोंगराच्या चढाला तुकाबाई तीनदा थांबली, त्याला दम खाऊ द्यावा म्हणून. तो काही थांबला नाही. खुरडत, जरा डाव्या अंगाला कलत, पण शेपूट वर करून तो पुढं गेला. वाड्याच्या तोंडाशी नेमका लोकरीचा एक परका व्यापारी उभा होता. फौजदार त्याच्यावर असा धावून गेला की तो बिचारा दगडी गडग्यावर चढून बसला आणि खाली यायला तयार होईना.

सिद्धू हसून हसून खाली बसला. वळून बघतो तर तुकाबाई उंबऱ्यात बसून पदर तोंडाला लावून रडतेय. फौजदाराला झोळीतून खाली नेल्यापासून सोळा दिवसांत तिच्या डोळ्याला पाणी म्हणून आलं नव्हतं.

"अगं, आता का रडतीस?" तो गोंधळून म्हणाला. "बरा झाला न्हवं?"

"मग?" तुकाबाई हुंदक्यातून त्याच्यावर खेकसली. "त्यो मरत हुता तवा रडाया सवड कुटं हुती मला?"